भिंत वाळली का

सुरत, वैशाख वद्य पंचमी, सन १९७३

रा. रा. गोरक्ष पाहुणे यांस आसारामचा सुरतेच्या रंगखान्यातून रामराम. मामांच्या आणि मामींच्या पायावर डोकं. मामांचा गुडघा आता वाकतो का, मामींचा दम कमी आहे का, तांबडा बैल छावणीत नेला की अजून दारातच आहे, आणि तुमच्या विहिरीत घागर बुडते की वाटीनं भरून घ्यावी लागते, हे सगळं खुलासेवार कळवावं. इकडची खुशाली विचाराल तर मी दोन पायांवर उभा आहे. दिवसभर उभाच असतो, बसायला इथं जागा नाही, तेव्हा त्या बाबतीत काळजी नसावी.

पुढं लिहिण्याआधी एक सांगून ठेवतो. तुमच्या घरात पत्र कसं वाचतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही ओट्यावर मांडी घालून बसता, खाकरता, आणि शाळातपासणीला साहेब आल्यासारखं मोठ्यानं वाचता. आत चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज तेवढ्यापुरता बंद होतो. आमच्या लग्नाची बोलणी ह्याच ओट्यावर झाली, आणि तुमचे चुलते माझ्या रंगाबद्दल जे बोलले ते आत ऐकू गेलं, ते मला अजून ऐकवलं जातं. म्हणून मी कंसात जिथं 'मनात वाचा' असं लिहिलं आहे तिथं ओठ मिटून वाचायचं. बाकीचं खुशाल वेशीपर्यंत ऐकू जाईल असं वाचा, माझी काही हरकत नाही.

तर तुमचं कार्ड पोचलं. पाठपोट सगळं वाचलं. खडीच्या कामावर हजेरी मांडणारा कसा दांडगाई करतो, रेशनच्या परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरीनं गावाची पोटं कशी बिघडली, तुमच्या घरच्या पुष्पावतीचं लग्न पुढच्या सालावर कसं ढकललं, हे सगळं कळलं. आणि जागा संपल्यावर तुम्ही कडेनं, उभं, बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'मनकर्णा विचारते, भिंत वाळली का.' तुमची बहीण दोन महिने माहेरी बसली आहे, नवऱ्याचं कसं चाललंय हे विचारत नाही, भिंतीचं विचारते. ठीक आहे. भिंत तर भिंत. (मनात वाचा: कार्डाची ती कड पुन्हापुन्हा बोट फिरवून मऊ पडली आहे. तेवढंच वाक्य पुरलं असतं, बाकी कार्ड नसतं लिहिलं तरी चाललं असतं.)

एका शब्दात उत्तर द्यायचं तर वाळली. आता तिनं त्या घरात पाऊल टाकायला हरकत नाही, कारण जाताना तिनं तसंच सांगितलं होतं. पण एका शब्दात सांगितलं तर तुम्ही म्हणाल आसाराम नेहमीसारखा उडवून लावतो. म्हणून पहिल्यापासून लिहितो, म्हणजे तिनं तुम्हाला जे सांगितलं त्यात माझीही बाजू मिसळेल.

गेल्या दिवाळीला मी घरी आलो तेव्हा आपल्याकडं काय हाल होते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पीक नाही, चारा नाही, अर्धं गाव कोयते घेऊन कारखान्यावर गेलेलं, आणि जे राहिलं ते आभाळाकडं बघून बघून मानेला शेक घेत बसलेलं. पाणी नव्हतं पण धुरळा रगड. आमच्या माळवदाला चुलीच्या वर साणं आहे. आज्यानं घर बांधलं तेव्हा धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं ते भोक, आणि तीन पिढ्या त्यातून धूर गेला, उजेड आला, कधीमधी मांजर आलं. त्या साली त्यातून नुसता धुरळा येत होता. पीठ मळावं तर त्यात माती, कालवणात माती. मनकर्णा म्हणाली, ह्याचं काहीतरी करा. (ती असं म्हणाली होती हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा. आता म्हणेल की मी म्हणालेच नाही.) मी सुरतेसारख्या शहरात राहणारा माणूस, मला चार गोष्टी दिसलेल्या. मी ठरवलं की ह्या वेळेला नुसतं खाऊन-झोपून जायचं नाही, घरात सुधारणा करून जायची.

आमच्या रंगखान्यात रंगाचे मोठे पत्र्याचे डबे येतात. रिकामे झाले की मुकादम ते कापून सपाट करू देतो. असे पत्रे मी बोचक्यात बांधून आणले होते, एसटीच्या कंडक्टरचं बोलणं खात. साणं मी फरशीच्या तुकड्यानं झाकून वरून सिमेंटानं बंद केलं. मग माळवदाच्या लाकडी किलचांमधून माती गळते म्हणून खालच्या बाजूनं सगळ्या छताला पत्रे ठोकले. आईनं आडवं-तिडवं बघितलं आणि म्हणाली, आगगाडीच्या डब्यात बसल्यागत वाटतंय. ते मी कौतुक समजलो. मनकर्णा खाली शिडी धरून उभी होती. तिनं विचारलं, "धूर कुटून जाईल?" म्हटलं, दारातून. "आन् वाफ?" म्हटलं, तीबी दारातून. "आन् दार तर तुमी लावून घ्या म्हणताय." ह्याला मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्या तोंडात खिळे होते. (मनात वाचा: खिळे नसते तरी उत्तर नव्हतं.)

दार का लावायचं, तर हौदासाठी. हौदाची कल्पना माझी, आणि ती अजूनही चांगली आहे असं माझं मत आहे. आमच्या घरी पाणी येत होतं ते एकाच वाटेनं. मनकर्णा दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, तिथं गाडीवरच्या पिंपातून पाणी आणलेलं असायचं, आणि संध्याकाळी काम सुटताना बायकांना एकेक घागर घरी न्यायला द्यायचे. ती एवढी घागर डोक्यावर घेऊन यायची. आमचे दोन्ही रांजण पडवीत, आणि पडवीत रांजण म्हणजे जाणारा-येणारा वाटीभर पिऊन जाणार, त्याला नाही कसं म्हणायचं. आई तर कुणाला नाहीच म्हणत नाही. म्हणून मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चुलीमागच्या भिंतीला लागून, दगडाचा हौद बांधला. वरून झाकण. दार लावलं की गावाला पत्ता नाही. चोरून आणलेलं सिमेंट होतं, परमिट कुणाकडं होतं. उरलेलं सिमेंट त्याच भिंतीला पुरुषभर उंच लिंपून टाकलं, म्हणजे ओल चढणार नाही.

आता सिमेंट बांधल्यावर त्याला रोज पाणी पाजावं लागतं, तेव्हा ते धरतं. हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मानसाला न्हाई आन् दगडाला कुटून पाजू?" माझी सुट्टी संपत आली होती. म्हटलं, तुम्ही बघून घ्या थोडं थोडं, आणि बोचकं उचलून मी सुरतेची वाट धरली. मामा एकदा तुमच्या ओट्यावर म्हणाले होते की जावई म्हणजे एसटी आहे, थांबतो कमी आणि धुरळा जास्त. तेव्हा सगळे हसले. मीही हसलो, पाहुणा होतो म्हणून.

इथं आल्यावर मी ते विसरून गेलो असं तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे. ती एकदा इथं येऊन बघू दे. इथं सकाळपासून कढया उकळत असतात आणि मी काठीनं कापड वर-खाली करत असतो. वाफ एवढी की शेजारचा माणूस खोकला तरच तिथं आहे असं कळतं. आणि पाणी, पाहुणे, पाणी. दिवसभर नळ सोडलेले. कापड धुतात, परत धुतात, सांडपाणी कधी लाल, कधी हिरवं, कधी जांभळं, असं गटारातून वाहत असतं, आणि कुणी वळून बघत नाही. पहिल्या वर्षी मी त्या गटारापाशी उभा राहून बघायचो. मुकादमानं विचारलं, काय पडलं का तुझं त्यात. म्हटलं, हो, तालुका पडला आमचा. त्याला कळलं नाही. आता मीही बघत नाही. माणूस कशाचीही सवय करून घेतो, आणि मग घरी गेलं की घरातली माणसं म्हणतात हा बदलला. (मनात वाचा: ह्या रंगखान्याच्या छपराला वरच्या अंगाला रांगेनं उघडी तावदानं आहेत, वाफ जायला. तीन वर्षं मी रोज त्यांच्या खाली उभा आहे. एकदा मान वर केली असती तर आमचं साणं वाचलं असतं.)

शिमग्याच्या आधी गावच्या मास्तराच्या हातचं आईचं पत्र आलं. चुलीमागच्या भिंतीला पाणी सुटलंय, छतातून कुंकवाचे थेंब पडतात, देवी घरात आली आहे, असशील तसा ये. मी म्हटलं, आमच्या घरात देवी कशाला येईल, तिला राहायला बरी घरं आहेत. तरी गेलो. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं मी परत रंगखान्यात आलो. पाहुणे, गावात माणसाच्या ओठाला ओल नव्हती आणि आमच्या मिठाच्या बरणीत पाणी झालं होतं. आगपेटीची काडी ओढली तर गूळ लागल्यासारखी काडीपेटीला चिकटायची. पिठाचे गोळे झाले होते. लोणच्यावर पांढरी बुरशी, सरपणाला कुबट वास, आणि भिंतीचा खालचा भाग असा काळा आणि गार की हात लावला तर बेडकाला लावल्यासारखं वाटे. वरून पत्र्यांच्या सांध्यातून थेंब पडत होते, आणि ते लाल होते, ही गोष्ट मात्र खरी. डबे लाल रंगाचे होते. पण एवढं सांगायला मला कुणी सवड दिली नाही. मी पोचलो तेव्हा आईनं चुलीपाशी हळद वाहिलेली होती, गल्लीतल्या बायका दर्शनाला येऊन गेल्या होत्या, आणि त्यांतल्या रंगुबाईनं एक थेंब कपाळावर झेलून घेतला होता, तो जाईना म्हणून तिचा भाव वाढला होता.

मनकर्णा एकटीच म्हणत होती की साणं उघडा. दिवसभर मिलोच्या कण्या शिजतात, दार बंद, वर पत्रा, हौद पाझरतोय, वाफ जाणार कुठं. पण ज्या गावात दीड वर्ष पाऊस नाही त्या गावात ओल्या भिंतीला कोण नावं ठेवणार. लोक म्हणाले, तुमच्या घराखाली झरा आहे.

मग सहादेव आला. आमच्याकडचा पाणी बघणारा, ज्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो तो. त्यानं ह्या दुष्काळात बारा ठिकाणी नारळ उभा करून दाखवला होता आणि बाराही ठिकाणी आता शेळ्या आत पडू नयेत म्हणून काटे लावले आहेत. तरी लोक त्याला बोलावतात, कारण दुसरं कुणाला बोलावणार. तो आमच्या स्वयंपाकघरात शिरला, नारळ घेऊन चुलीभोवती फिरला, आणि हौदापाशी आल्यावर नारळ ताठ उभा. (हौदावर झाकण होतं, झाकणावर आईनं फडकं टाकलं होतं. घरात पाणी आहे हे गावाला कळू द्यायचं नाही म्हणून आई गप्प आणि मीही गप्प.) सहादेव आईला म्हणाला, "बायडाक्का, दोन पुरुषावर झरा हाय. आन् गोडा हाय. मी उगं बोलत न्हाई." मी त्याच्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, दारात घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांकडं बघितलं. मला सांगा, अशा वेळी कोण म्हणेल की थांबा, ही वाफ आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं की असेल. दहा वर्षं मी एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरतोय, उसाची तोड केली, ट्रकवर क्लीनर झालो, सोडावॉटरच्या कारखान्यात बाटल्या धुतल्या, कुठंच बूड टेकलं नाही. आपल्याच चुलीखाली पाणी निघालं तर परत जायला नको, एवढाच माझा विचार होता.

दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात झाली. चूल बाहेर लिंबाखाली नेली. मनकर्णा वाऱ्यात, धुरळ्यात, डोळे चोळत रांधायला लागली, आणि आत गावातली रिकामी माणसं पहारी मारायला लागली. खणताना दार सताड उघडं, चूल बाहेर, त्यामुळं चार दिवसांत वरची भिंत सुकायला लागली. मनकर्णानं ते दाखवलंही. सहादेव म्हणाला, झरा दचकलाय, खाली पळतोय, हात उचला. हात उचलला. खाली मुरूम लागला, मुरमाखाली मांजऱ्या दगड लागला, दगडाखाली आणखी दगड. खड्डा असा झाला की आत उतरलेला माणूस दिसेना, नुसती शिवी ऐकू यायची.

आणि मग संध्याकाळी खड्ड्यातून ओरडा झाला की पाणी. बाजूनं धार लागली होती. सगळी गल्ली आत घुसली, आईनं नारळ फोडला, बायांनी घागरींची रांग लावली, सहादेवाला कुणीतरी खांद्यावर घेतलं आणि त्याचं डोकं माझ्या पत्र्याला आपटलं. अर्ध्या तासात घागरी भरून बाया घरी गेल्यासुद्धा. म्हातारी माणसं तीर्थ म्हणून ओंजळीनं प्यायली. पहिली रंगुबाई म्हणाली, "बया, ह्याला गाडीचा वास येतोय." दुसऱ्यानं हुंगलं. तिसऱ्यानं हुंगलं. डिझेलचा वास होता, चांगला खमंग. सहादेव खांद्यावरूनच म्हणाला, "मग खाली त्याल असंल. लई मोठं काम हाय हे. सरकारला कळवावं लागंल." आणि लोकांनी माना हलवल्या, पाहुणे. दोन माणसं तर निघालीच होती तलाठ्याकडं.

मनकर्णा तेवढ्यात कामावरून आली. डोक्यावर घागर तशीच. तिनं खड्ड्यात बघितलं, हौदाकडं बघितलं. हौदाचं बूड कोपऱ्यात फुटून खड्ड्यात सरकलं होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "सहादेवदादा, ह्यो वास माज्या पदराला हाय, हुंगून बघा. कामावरच्या पिंपातलं पानी हाय हे. पिंपात आदी डिझेल हुतं. मीच आनलंय." सहादेवाला खाली ठेवलं. एकेक जण चप्पल शोधून निघून गेला. पाणी परत करायला कुणी आलं नाही, आणि येणार तरी कसं, ते तीर्थ होतं. (मनात वाचा: तिच्या भांगाजवळचे केस चुंबळीनं झिजून गेले आहेत. दिवाळीला मला ते दिसलं होतं आणि मी विचारलं होतं की तेल लावत नाहीस का. एवढे दिवस तिनं आणलेलं पाणी गाव एका संध्याकाळी पिऊन गेलं, आणि मी घागरी धरून मदत केली.)

सकाळी तिनं बोचकं बांधलं. आईला म्हणाली, आत्याबाई, पीठ वरच्या डब्यात ठेवलंय, मिठाखाली राख घातलीया. मला वाटलं माझ्याशी बोलणार नाही. पण उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "ती भिंत वाळल्याबिगर मी ह्या घरात पाय ठेवायची न्हाई. आन् एक सांगते. तुमी बांधता, लिंपता, खिळे मारता, समदं करता. पर वाळंस्तवर कदी थांबलाय?" मी म्हटलं, सुट्टी नसते. हे खरंच आहे. सुट्टी नसते. तुम्ही स्वतः शेतकरी आहात, तुम्हाला मुकादम म्हणजे काय ते कळणार नाही. (मनात वाचा: मी स्टँडपर्यंत मागं गेलो होतो आणि बाभळीच्या आड उभा राहिलो. एसटी लई उशिरा आली. तेवढ्या वेळात बाभळीच्या पुढं आलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.)

नंतर मी जे काम केलं ते तिला नीट वाचून दाखवा, हळूहळू. आधी माळवदावर चढलो आणि माझंच सिमेंट छिन्नीनं फोडलं. ते मात्र असं घट्ट धरलं होतं की काय सांगू, जिथं धरायला नको तिथंच धरलं. साणं मोकळं केलं, त्याच्या काठाला फुटक्या रांजणाचा गळा बसवला, म्हणजे पाऊस आला तरी माळवदावरचं पाणी आत उतरणार नाही. वरून टाकायला बुट्टी ठेवली. पत्रे काढले, ते शेळीच्या छपराला घातले, शेळीची पाठ आता थोडी गुलाबी झाली आहे. हौद दगड दगड करून काढला. रांजण परत पडवीत तिवईवर, पाझर अंगणात जाईल असे. कुणी वाटीभर पाणी प्यायलं तर पिऊ दे, भिंत पिण्यापेक्षा माणूस प्यायलेलं बरं, असं आई म्हणाली. भिंतीवरचं सिमेंट वरपासून खालपर्यंत उकलून टाकलं. मातीच्या भिंतीला सिमेंट लावणं म्हणजे घाम आलेल्या माणसाला रेनकोट घालणं आहे, आतला घाम आतच मुरतो. ते काढून शेणमातीत भुसा घालून नवा गिलावा दिला. पायाशी राख आणि कळीचा चुना पसरला, तो ओल ओढून घेतो. सरपण भिंतीपासून सोडून रचलं. आणि दाराच्या समोरच्या भिंतीत, खालच्या अंगाला, वीतभर झरोका पाडला, म्हणजे खालून वारा येतो आणि वरून वाफ जाते. खड्डाही बुजवला. आई दिवसभर बाजेवर बसून मला शिकवत होती, जशी काही तिनं कधी हळद वाहिलीच नव्हती. म्हणाली, "तू बी त्याच घरातली वाफ हायेस. दार उघडलं की भाईर." मी तिला उत्तर दिलं नाही. ह्या वेळी तोंडात खिळेही नव्हते.

गावाचं काय सांगू. मला आता तेलवाला म्हणतात. सहादेव भेटला तर मान फिरवत नाही, उलट मलाच विचारतो की तू हौद बांधला होतास हे आधी का सांगितलं नाहीस, माझं नाव खराब झालं. त्याचं तेरावं ठिकाण आमचं स्वयंपाकघर.

असो. मी इथं बरा आहे. काम पक्कं आहे, खोलीत आम्ही सहा जण आहोत, नळाला पाणी आहे, मला कुणाची गरज आहे अशातला भाग नाही. येणारीनं यावं, न येणारीनं न यावं, घर उघडं आहे. मी कुणाच्या ओट्यावर येऊन विनवण्या करणारा माणूस नाही. मामांना सांगा, एसटी ह्या वर्षी तुमच्या गावाला थांबणार नाही. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना दंडवत, पत्राचं उत्तर ह्याच पत्त्यावर.

तुमचा मेहुणा,
आसाराम

ता. क. : साणं उघडं आहे आणि मृग तोंडावर आला आहे. पाऊस आला तर माळवदावर चढून बुट्टी टाकायला माणूस लागतं, आणि उघडला की ती काढायला लागतं. आईच्यानं शिडी चढवत नाही. ह्यात माझं काही नाही, घराची अडचण म्हणून कळवलं.

ता. क. : खड्डा बुजवला असं वर लिहिलं आहे. अर्धा बुजवला. उरलेल्यावर फळी टाकली आहे, येईल त्यानं जपून यावं. भिंतही वाळली असं लिहिलं आहे, ते आईनं मास्तराच्या हातानं कळवलं त्यावरून. मी निघालो तेव्हा खालची हातभर ओलीच होती. आई दिवसातून दोनदा तिला हात लावून बघते, पण भांडी घासता घासता उठून लावते, तेव्हा तिला काय कळणार. कोरड्या हाताचं कुणीतरी माणूस बघायला पाहिजे. तुमच्या बहिणीचा हात लावून झाला आणि ती वाळली म्हणाली की मी मानीन.

ता. क. : ह्याच पत्त्यावर उत्तर पाठवू नका. (मनात वाचा: मुकादमाला सांगून टाकलंय की माझ्या कढईवर दुसरा माणूस बघ. मृगाच्या आत घरी पोचतो. तिनं विचारलं होतं ना, वाळंस्तवर कधी थांबलाय, तर ह्या वेळी वाळेपर्यंत थांबतो. पुढं चार महिने पावसाळा आहे आणि पावसाळ्यात मातीची भिंत वाळत नाही, हे मला आता कळतं.)

शेवटचा ता. क. : पाहुणे, वर जिथं जिथं 'मनात वाचा' लिहिलं आहे, तेवढंच आत चुलीपाशी जाऊन तिला वाचून दाखवा. बाकीचं पत्र ओट्यावरच राहू द्या.